कांबळे सिस्टर आणि भुंगा

कांबळे सिस्टरांनी एका नगरसेवकाच्या कानाखाली वाजवली होती, असं आमच्या गल्लीत आजही छातीठोकपणे सांगतात. ते खोटं आहे. तो लवाजमा घेऊन इस्पितळाच्या वॉर्डात शिरत होता, तेव्हा त्यांनी लवाजम्याला बाहेर बसवलं आणि त्याला एकट्याला आत सोडलं, एवढंच. कानाखाली ही नंतरची भर. सिस्टर परदेशी जाऊन आल्या होत्या हेही खोटं. त्यांची धाव नागपूरपर्यंत, तीही वर्षातून एकदा. कॅरममध्ये त्या कधीच हरल्या नाहीत, हेही मी खोटं म्हटलं असतं, पण ते खरं असावं. निदान मी त्यांना हरताना बघितलेलं नाही.

‘बघितलेलं नाही’ हे मी मुद्दाम लिहिलंय. सिस्टरांशी बोलायचं तर आधी या एका प्रश्नातून सुटका करून घ्यावी लागायची. तुम्ही काहीही सांगा, खालच्या मजल्यावरचं भांडण सांगा, कुणाच्या सुनेचं माहेरी जाणं सांगा, नाहीतर दादरला कांदे स्वस्त झालेत असं सांगा, सिस्टर हातातलं काम थांबवून विचारायच्या, “बघितलंस की ऐकलंस?” ऐकलं म्हटलं की त्या पुन्हा कामाला लागायच्या. आपण सांगत राहिलो तर सांगत राहायचो, त्यांचे कान बंद. मी दादरला विमा कचेरीत नोकरी करते, दिवसभर लोकांचे खरेखोटे दावे वाचते. पण माझ्यासारखीलाही या प्रश्नाने घाम फुटायचा.

परळच्या एका मोठ्या इस्पितळातल्या अपघात विभागात सगळी नोकरी काढून त्या निवृत्त झालेल्या. नवरा गिरणीत होता. गिरणी गेली आणि मागोमाग तोही गेला. मुलगा कल्याणला. दुसऱ्या मजल्यावर माझ्या शेजारच्या खोलीत त्या एकट्या राहायच्या. ठेंगण्या, रुंद, चालणं घाईचं. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली कॅरम बोर्ड उभा करून ठेवलेला. हळू बोलणं त्यांना जमायचंच नाही. आयुष्यभर वॉर्डाच्या या टोकावरून त्या टोकाला हाका मारलेल्या, तो आवाज निवृत्त झाला नव्हता. त्यांना मधुमेह होता, आणि रविवारी सकाळी बोट टोचून झालं की त्या गॅलरीत येऊन साखरेचा आकडा जाहीर करायच्या. कमी असेल तर विजयाने, जास्त असेल तर जणू आमचंच काहीतरी चुकलंय अशा सुरात.

देवाधर्माशी त्यांचा संबंध नव्हता. चौदा एप्रिलला निळ्या किनारीची पांढरी साडी नेसून त्या बुद्धविहारात जायच्या, तेवढाच त्यांचा सण. पण गल्लीतल्या मंडळाच्या गणपतीत मांडवाच्या बाजूला प्रथमोपचाराचं टेबल लावून दहाही दिवस बसायच्या. एकदा कुणीतरी खोचकपणे विचारलं, “सिस्टर, तुम्ही कशा काय गणपतीला?” तर म्हणाल्या, “देव तुमचा. चक्कर येणारी माणसं माझी.”

आता भुंग्याबद्दल. ती एक नशेची गोळी होती. तिचं खरं नाव काय ते मी लिहीत नाही. आमच्या भागात तिला भुंगा म्हणत, कारण घेतली की कानात गुणगुण सुरू होते. गोळी लोअर परळच्या टॉवरांकडून आली म्हणे, कुणी म्हणे भायखळ्याकडून आली. आमच्या भागात तोवर ती कुणी प्रत्यक्ष पाहिली नव्हती, पण तिच्याबद्दल सगळ्यांना सगळं माहीत होतं. आमच्या लोकांचं हे मला नेहमीच नवल वाटत आलंय.

गल्लीच्या तोंडाशी मंडळाचा काळा फळा आहे. त्यावर अभिनंदन, श्रद्धांजली, पाणी किती वाजता येणार, असं सगळं खडूने लिहिलं जातं. लिहिणारे लोके भाई, मंडळाचे सेक्रेटरी. तरुणपणी दुकानांच्या पाट्या रंगवायचे, अक्षर असं की बघत राहावं. लाल, पिवळा, पांढरा खडू, अक्षराला सावली, खाली वेलबुट्टी. एवढ्या देखण्या अक्षरात खोटं लिहिलेलं असू शकतं हे कुणाच्या मनातही यायचं नाही. त्या फळ्यावर एका सकाळी ‘सावधान!’ आलं. भुंगा शाळेबाहेरच्या गोळेवाल्याच्या सरबतात घालतात. भुंगा एकदा जिभेला लागला की माणूस जन्माचा गेला. भुंगा घेणाऱ्याची नखं निळी पडतात. भुंगा घामातून उतरतो, त्याच्या हाताचा स्पर्श टाळा. लिंबू, मीठ आणि गरम पाणी पाजल्यास भुंगा लगेच उतरतो. जनहितार्थ.

त्या दिवशी आमच्या गोळेवाल्याची गाडी दोन पोरांनी उलटी केली. बिचारा जौनपूरचा, वीस-बावीस उन्हाळे इथेच गोळे विकत काढलेले.

सिस्टरांनी फळा वाचला, हे मी बघितलं. मग त्या आपल्या जुन्या इस्पितळात खेटे घालायला लागल्या. ओळखीच्या डॉक्टरांना गाठायचं, विषबाधेच्या वॉर्डातल्या पोरींना विचारायचं, घरी येऊन बिनसाखरेचा चहा घ्यायचा आणि विचार करत बसायचं. आणि एका सकाळी लोके भाई दूध आणायला गेले असताना सिस्टरांनी त्यांच्याच डब्यातला खडू उचलला आणि प्रत्येक ओळीपुढे आपला शेरा मारला. सरबत: खोटं, एकही केस नाही. जन्माचा गेला: खोटं, पण धोका खरा. नखं: खोटं. घाम: खोटं. लिंबूपाणी: साफ खोटं, बेशुद्ध माणसाला पाजलं तर मरेल. त्यांचं अक्षर डॉक्टरांच्या संगतीत बिघडलेलं. लोके भाईंच्या मोत्यांशेजारी ते बघवत नव्हतं.

“माझा फळा खराब केलात तुम्ही,” लोके भाई म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता.

“तुम्ही गोळेवाल्याचा धंदा खराब केलात. फळा पुसला जातो.”

गंमत म्हणजे सिस्टरांवर लोके भाईंइतकीच गल्लीतल्या जिममधली, भुंग्याची तरफदारी करणारी पोरंही भडकली. कारण दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी फळ्याच्या उरलेल्या कोपऱ्यात त्यांचाही समाचार घेतला. भुंगा आयुर्वेदिक आहे: खोटं. सवय लागत नाही: खोटं. दही खाल्लं की उतरतो: खोटं. अर्धी घेतली तर काही होत नाही: कुणी सांगितलं? गोळीत किती काय टाकलंय ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. एक पोरगा त्यांना जिन्यात म्हणाला, “सिस्टर, तुम्ही आपल्या साइडला आहात की त्यांच्या, एकदा काय ते क्लिअर करा ना.” सिस्टर म्हणाल्या, “मी स्ट्रेचरच्या साइडला आहे रे.” पोरगा वरमला. तसे सगळेच वरमायचे, आणि त्यांच्या पाठीमागे दात ओठ खायचे.

हे सगळं फळ्यावरचंच राहिलं असतं तर हा मजकूर मी लिहिला नसता. पण रेखाच्या मयूरीने भुंगा घेतला.

रेखा घाडी आमच्याच मजल्यावर, जिन्याजवळच्या खोलीत. नवरा गेल्यापासून जेवणाचे डबे करून तिने घर चालवलेलं. लोअर परळच्या ऑफिसांत तिचे डबे जायचे, चाळीतल्या म्हाताऱ्यांकडे जायचे, आणि मंडळाच्या गणपतीला पहिल्या दिवशीचे उकडीचे मोदक दर वर्षी तिच्याच हातचे. मयूरी तिची एकुलती एक मुलगी, मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात कामाला, सकाळी आईला कणीक मळून देऊन निघायची. गुणी पोर. गुणी पोरीही चुकतात.

रविवारी दुपारी एक मैत्रीण तिला टॅक्सीतून घेऊन आली. मैत्रिणींबरोबर कुठेतरी गेली होती, तिथे घेतली. गॅलरीपर्यंत चालत आली आणि कोसळली. मी बाहेर आले तेव्हा तिच्याभोवती चाळ गोळा झाली होती. कुणी कांदा हुंगवत होतं, कुणी चप्पल. आणि पहिल्या मजल्यावरच्या काकू पेला घेऊन उभ्या होत्या, लिंबू, मीठ, गरम पाणी. फळ्यावर लिहिल्याप्रमाणे. रेखा मुलीचं तोंड उघडत होती.

सिस्टर आल्या त्या पेल्यावर हात मारतच. पेला खाली गडगडत गेला. “तोंडात काही घालायचं नाही! श्वासात गेलं की संपली पोर!” त्या खाली बसल्या, मयूरीला कुशीवर वळवलं, डोळ्यांच्या पापण्या उघडून बघितल्या, मनगट धरलं. मग मैत्रिणीकडे वळल्या. “काय घेतलंय हिने?”

“जूस प्यायली, बस.”

“जूसने बुबुळं एवढी होत नाहीत बाळा. मी पोलीस नाही. नाव सांग.”

मैत्रीण रडायला लागली. “भुंगा. अर्धाच घेतला होता, सिस्टर.”

“भुंगा,” सिस्टरांनी मोठ्याने म्हटलं, म्हणजे त्या नेहमी बोलायच्या तसंच म्हटलं, आणि ते तळमजल्यापर्यंत ऐकू गेलं. “किती वाजता? आणखी काही?” मग मला म्हणाल्या, “शिल्पे, ॲम्ब्युलन्सला फोन लाव. विचारलं तर नाव सांग, लपवू नकोस.”

मयूरी वाचली. गोळीचं नाव लगेच कळलं म्हणून वेळेवर वाचली, असं इस्पितळातल्या डॉक्टरने रेखाला सांगितलं. मी तिथे होते, मी ऐकलं नाही तर बघितलं म्हणा. पण ती घरी आली तोवर भुंगा हा शब्द तिच्या आधी घरी पोचलेला. रेखा एकदा माझ्यासमोर सिस्टरांना म्हणाली, “हळू विचारलं असतंत तर काय झालं असतं हो?”  “हळू मला येत नाही गं,” सिस्टर म्हणाल्या. त्यांना एवढं ओशाळलेलं मी एरवी कधी पाहिलं नाही.

मग डबे परत यायला लागले. आधी म्हाताऱ्यांचे. कुणाचा पोटाचा त्रास, कुणाची सून आता घरीच करते, कुणी काही न सांगता दारात रिकामा डबा ठेवून गेलं. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. मयूरी कणीक मळते. भुंगा घामातून उतरतो. हाताचा घाम कणकेत जातो. पोळी पोटात जाते. फळ्यावर पुन्हा लोके भाईंचं देखणं अक्षर उमटलं: ‘काही घरांतून येणारे खाद्यपदार्थ स्वीकारताना नागरिकांनी दक्षता घ्यावी.’ नाव नव्हतं. नावाची गरजही नव्हती. रेखा कढईतलं तेल तापवून तशीच बसून राहायची.

त्या दिवशी सिस्टर खडू घ्यायला गेल्या नाहीत. सरळ लोके भाईंच्या खोलीत गेल्या. मी मागोमाग. लोके भाई जेवत होते, शेजारी त्यांची आई खाटेवर बसलेली, ऐंशीच्या पुढची, कानाने अधू.

“लोके भाई, त्या पोरीच्या हाताला तुम्ही विटाळ लावलात,” सिस्टर दारातूनच म्हणाल्या.

“जातीचं कशाला काढता सिस्टर? हा हेल्थचा प्रश्न आहे.”

“आमच्या आज्जीच्या हातचं पाणी कोणी घेत नव्हतं, तेव्हाही लोकांकडे कारण असायचंच. सवय तुमची जुनी आहे, फक्त कारण नवीन शोधलंत. मी रोज तिच्या हातचं खाणार. गॅलरीत बसून खाणार. या बघायला.”

आणि खरोखरच रोज एक वाजता त्या गॅलरीच्या मधोमध स्टूल टाकून रेखाचा डबा उघडायच्या. समोरच्या चाळीतून दिसेल असं. सावकाश, चावून, भाजीला बोट लावून चाटून. माझ्या मते त्यांना त्यात मजाही यायची. हळूहळू लोकांना लाज वाटायला लागली. एखाद-दुसरा डबा परत सुरू झाला. गणपती जवळ येत होता, आणि मोदकांचं काम रेखाला मिळालं की बाकीचे डबे आपोआप सुरू होतील हे सगळ्यांना दिसत होतं. देवाच्या पुढ्यात चाललं ते आपल्या ताटात का चालणार नाही?

नेमकी तेव्हाच सिस्टरांची चूक झाली. म्हणजे आधीच झाली होती, ती तेव्हा उघडी पडली.

‘भुंगा एकदा घेतला की पुन्हा आपोआप चढतो’ अशी एक ओळ लोके भाईंनी मधेच फळ्यावर टाकली होती. सिस्टरांनी तिच्यापुढे ‘खोटं’ लिहिलं. इतरांसारखंच हेही असणार असं धरून चालल्या, कुणाला विचारलं नाही. आणि एका दुपारी मयूरी पीठ मळता मळता थांबली, कान दाबून खाली बसली. गुणगुण परत आली होती. गोळी नव्हती, काही नव्हतं. सिस्टर तिला घेऊन इस्पितळात गेल्या, आणि डॉक्टरांनी सांगितलं की काही जणांना असं होतं. अधूनमधून कानात वाजतं, भीती वाटते, काही दिवसांत कमी होतं, धोका नसतो. पण होतं.

संध्याकाळी सिस्टर खडू घेऊन निघाल्या तेव्हा रेखा जिन्यात आडवी आली.

“सिस्टर, परवा मंडळाची मीटिंग आहे. चार दिवस थांबा ना. मग काय लिहायचं ते लिहा.”

“मी खोटं लिहिलंय रेखा.”

“ते सगळे खोटंच लिहितात!”

“मग त्यांचं आणि माझं भांडण कसलं?”

“तुमचं भांडण तुमच्याजवळ ठेवा. माझं पोट आहे हे. माझी पोरगी आहे.”

मला रेखाचं पटत होतं. आजही पटत नाही असं म्हणता येणार नाही. सिस्टरांचा चेहरा पडला होता, पण त्या तिच्या बाजूने वाट काढून खाली उतरल्या आणि आपल्या त्या गचाळ अक्षरात लिहिलं: ‘माझी चूक. काही जणांना गुणगुण परत येते. त्याने दुसऱ्याला काही होत नाही. सु. कांबळे.’ रेखाने त्या रात्रीपासून त्यांना डबा देणं बंद केलं. एक वाजता सिस्टर स्टुलावर खारी आणि चहा घेऊन बसायच्या. मी पोळी-भाजी दिली तर नको म्हणाल्या.

मीटिंगमध्ये व्हायचं तेच झालं. लोके भाई म्हणाले, “आता खुद्द सिस्टरांनीच लिहून दिलंय, भुंगा परत येतो. आम्ही काय वेगळं सांगत होतो?” पोरं हसली. सिस्टर उभ्या राहिल्या. “येतो. त्या पोरीच्या कानात येतो. तुमच्या मोदकात येत नाही. घामाचं खोटं होतं, ते आजही खोटं आहे. माझं चुकलं ते मी लिहिलं. तुमचं एक तरी कधी पुसलंत?”  मोदकांची ऑर्डर दादरच्या एका दुकानाला गेली.

मी समजत होते, आता सिस्टर प्रथमोपचाराचं टेबल लावणार नाहीत. पण पहिल्या दिवशी सकाळी त्या टेबल घेऊन हजर. बँडेज, ग्लुकोज, रक्तदाबाचं मशीन, आणि मधोमध केळीच्या पानावर उकडीचे मोदक, नीट कळ्या पाडलेले. पुठ्ठ्यावर लिहिलेलं: ‘रेखा आणि मयूरी घाडी यांच्या हातचे. मी खाते आहे. भीती वाटत असेल त्यांनी उभं राहून बघावं.’ रेखाला त्यांनी कसं मनवलं ते मला माहीत नाही. मयूरीने मनवलं असं मयूरी सांगते. ती त्या दिवशी सुट्टी घेऊन टेबलाशेजारी उभी होती, मान वर करून.

“सिस्टर, तुमची शुगर,” मी म्हटलं.

“मला माहित्ये माझी शुगर. तू रांग बघ.” आणि त्यांनी अख्ख्या गल्लीसमोर मोदक फोडून त्यावर तूप घातलं.

लोक बघत होते. दर्शनाच्या रांगेतले, मांडवातले, फुलांचा हार ओवणारे, सगळे. जवळ कुणी येत नव्हतं. सिस्टर शांतपणे खात होत्या. दुपारनंतर लोके भाईंची आई नातवाचा हात धरून दर्शनाला आली. टेबलाशी थांबली. पुठ्ठा तिला वाचता येत नव्हता, पण मोदक दिसत होते.

“गो सिस्टर, माका एक दी.”

लोके भाई मांडवातून धावत आले. “आये, थयसर नको, आत प्रसाद आसा.”

“तुज्या त्या दुकानातल्या मोदकाक कळ्ये तरी आसत काय?” म्हातारीने पानावरचा उचलला आणि दात नसलेल्या तोंडात घातला. सगळी गल्ली तिच्या तोंडाकडे बघत होती. “सारण बरा आसा. गूळ वायच कमी पडलो.”

“पुढच्या टायमाला जास्त घालते आजी,” मयूरी म्हणाली, आणि रडायला लागली.

“रडतंस कित्याक? भुंगो लागात म्हणान? माज्या कानात तशीय रोजच शिटी वाजता.”

हसू फुटलं. मग पोरांनी हात घातले, मग बायकांनी. पान संपलं. लोके भाई मात्र शेवटपर्यंत खांबाला टेकून उभे होते, त्यांनी घेतला नाही. हे मी बघितलं.

डबे पुन्हा सुरू झाले, सगळे नाहीत, पण घर चालेल एवढे. आणि दिवाळी झाल्यावर, थंडी पडायला लागली तेव्हा, सिस्टर एका सकाळी चहा टाकता टाकता गेल्या. छातीत दुखलं, शेजारी मीच होते, माझ्याच डोळ्यांसमोर. फोन लावला, गाडी आली, उपयोग झाला नाही. मला त्यांचा राग आला, अजूनही येतो, की जगाला स्ट्रेचर वेळेवर मिळवून दिलं आणि स्वतः त्या छातीतल्या दुखण्याबद्दल आठवडाभर गप्प राहिल्या. त्या एका बाबतीत त्यांना हळू बोलता आलं.

कल्याणहून मुलगा येईपर्यंत दुपार झाली. तोवर खाली कुजबुज सुरू झालेली. मी पाणी भरायला उतरले तेव्हा कानावर आली. रेखाकडचं रोज खायच्या ना. शेवटी भुंगाच चढला त्यांना. बाईने हट्टाने जीव घालवला. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी तर मला सांत्वनाच्या सुरातच ते सांगितलं. माझ्या हातातली बादली तशीच राहिली. मला वाटलं, संपलं. आता उद्यापासून डबे पुन्हा बंद, आणि आता विचारायलाही कोणी नाही, बघितलंस की ऐकलंस म्हणून.

गल्ली अरुंद, गाडी आत येत नाही, म्हणून सिस्टरांना खांद्यावरून कोपऱ्यापर्यंत न्यायचं होतं. विहारातली मंडळी पुढे, हळू आवाजात ‘बुद्धं सरणं’ म्हणत. निळ्या किनारीची पांढरी साडी, चेहरा उघडा, कपाळाला आठी तशीच. फळ्यापाशी आलो आणि पुढचे थांबले, म्हणून सगळेच थांबले.

वरच्या अर्ध्या फळ्यावर लोके भाईंच्या सुरेख अक्षरात ‘दुःखद निधन’ होतं, पांढऱ्या चौकटीत सिस्टरांचं नाव. खालच्या अर्ध्यावर दुसऱ्याच हाताने लिहिलेलं होतं. अक्षर कच्चं, ओळी उतरत गेलेल्या.

‘सिस्टर माझ्या हातचं खाऊन गेल्या: खोटं.
त्यांना शुगर होती, मोदक खायला नको होते: खरं.
त्या हार्ट अटॅकने गेल्या: खरं. डॉक्टरांना विचारून लिहिलं आहे.
माझ्या कानात अजून कधी कधी वाजतं: खरं.
डबे चालू आहेत.
मयूरी घाडी, दुसरा मजला.’

मयूरी फळ्याशेजारी उभी होती, बोटं खडूने पांढरी झालेली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांत बघत होती. तिच्याजवळ रेखा. आणि त्यांच्यासमोर लोके भाई, हातात ओलं फडकं. ते पुसायलाच आले होते, ते सगळ्यांना कळलं.  त्यांनी एकदा फळा वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग सिस्टरांच्या चेहऱ्याकडे बघितलं.

फडकं त्यांनी नळाच्या कट्ट्यावर टाकलं, चपला काढल्या, आणि पुढच्या डाव्या बाजूला जो पोरगा होता त्याला बाजूला करून आपला खांदा लावला.